पीकेयूच्या मुलाचं ताट: नव्या आईबाबांसाठी पहिल्या दिवसापासूनचं मार्गदर्शन

पीकेयू म्हणजे फेनिलकीटोन्युरिया, प्रोटीनमधलं फेनिलअलानीन शरीराला नीट वापरता न येण्याचा आनुवंशिक आजार. हे नाव ज्यांनी कालपरवाच पहिल्यांदा ऐकलं, त्या आईबाबांसाठी हा लेख आहे. प्रोटीन मोजून द्या, ही पावडर रोज द्या, रक्त तपासत राहा, इतकं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. घरी आलं की खरे प्रश्न सुरू होतात. वरणभात नाही तर मग काय? सत्यनारायणाचा प्रसाद कोणी तोंडात घातला तर? शाळेतली खिचडी? आजीला कसं समजवायचं?

मी पीकेयू असलेल्या मुलीची आई आहे. या आहारावर मूल आनंदाने जगतं की कुढत जगतं, हे माझ्या मते दोन गोष्टींवर ठरतं. रक्तातली फेनिलअलानीनची लेव्हल ताब्यात राहणं ही एक, आणि घरातल्यांनी मुलाला आपल्या जेवणातून बाजूला न काढणं ही दुसरी. पहिलीबद्दल दवाखान्यात बोललं जातं. दुसरी कुठल्या रिपोर्टवर येत नाही, म्हणून इथे तिच्यावर जास्त लिहिलं आहे.

खाली दिलेले आकडे अंदाज येण्यासाठी आहेत. तुमच्या मुलाचं प्रमाण तुमचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच ठरवतील. आणि हा लेख फक्त पीकेयूचा आहे. मेपल सिरप युरिन डिसीज किंवा युरिया सायकलचे आजार यांतही प्रोटीन मोजतात, पण तिथले नियम आणि धोके निराळे आहेत. ते इथून उचलू नका.

आधी आजार समजून घ्या

आपण खातो त्या प्रत्येक प्रोटीनमध्ये फेनिलअलानीन नावाचं अमिनो आम्ल असतं. पुढे मी त्याला नुसतं फेनिल म्हणते. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं टायरोसीनमध्ये रूपांतर करतं. पीकेयूमध्ये ते एन्झाइम नसतं किंवा फार कमी काम करतं. मग फेनिल रक्तात साठतं आणि मेंदूची वाढ बिघडवतं. जन्मल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत आहार सुरू झाला, तर मूल इतर मुलांसारखं शिकतं, खेळतं, मोठं होतं. उशिरा निदान झालं तर झालेलं नुकसान सगळं भरून येत नाही. तरी आहार सुरू केल्यावर चिडचिड, चंचलपणा, लक्ष न लागणं यांत अनेक मुलांना फरक पडतो, त्यामुळे 'आता काय उपयोग' म्हणून सोडून देऊ नका.

१९३४ साली नॉर्वेत एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन डॉक्टर आस्ब्योर्न फोलिंग यांच्याकडे गेली. मुलांच्या अंगाला वेगळाच वास का येतो, हे तिला कोणीच सांगत नव्हतं. त्या मुलांच्या लघवीच्या तपासणीतून हा आजार सापडला. पुढे १९५१ मध्ये बर्मिंगहॅमला शीला नावाच्या मुलीची आई होर्स्ट बिकेल यांच्या मागे लागली, नाव सांगितलंत, आता उपाय सांगा म्हणून. जगातला पहिला पीकेयू आहार त्या मुलीसाठी तयार झाला. हे सांगायचं कारण असं की डॉक्टरांना प्रश्न विचारायला संकोच करू नका. हा आहार आयांनी विचारलेल्या प्रश्नांतूनच उभा राहिला आहे.

आजार आनुवंशिक आहे. आई आणि बाबा, दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच तो होतो. दोघंही स्वतः पूर्ण निरोगी असतात आणि आपण वाहक आहोत हे दोघांनाही माहीत नसतं. प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालं असेल तर दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते, पण नात्यात लग्न नसतानाही हा आजार होतोच. आपल्याकडे 'आईने गरोदरपणी काय खाल्लं' इथून चर्चा सुरू होते. ती पहिल्याच दिवशी थांबवा. शक्य असेल तर डॉक्टरांकडे जाताना आजी-आजोबांपैकी कोणाला तरी सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून 'दोघांकडून निम्मं-निम्मं आलं आहे' हे ऐकलं की घरातल्या सुनेवरचं निम्मं ओझं उतरतं. पुढच्या मुलाचा विचार असेल तर जनुकीय तपासणी आणि समुपदेशन आत्ताच करून ठेवा. दोघांचेही जनुकीय बदल माहीत असतील तर गर्भाची तपासणी करता येते.

पहिल्या भेटीतून चार गोष्टी लिहून आणा

पहिली गोष्ट तपासणीची. फेनिल वाढलेलं असलं म्हणजे दरवेळी साधा पीकेयूच असतो असं नाही. काही बाळांमध्ये बीएच४ नावाच्या सहायक घटकाची कमतरता असते आणि तिचे उपचार वेगळे आहेत. निव्वळ आहाराने ती मुलं सुधारत नाहीत. ही तपासणी झाली का, हे स्पष्ट विचारा.

मग तीन आकडे घ्या: रक्तातल्या फेनिलचं लक्ष्य किती, दिवसाला नैसर्गिक, म्हणजे जेवणातलं प्रोटीन (किंवा फेनिल) किती चालेल, आणि फॉर्म्युला (फेनिल काढून टाकलेली प्रोटीनची पावडर) किती ग्रॅम, किती वेळा विभागून. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार १२ वर्षांपर्यंत लेव्हल १२० ते ३६० मायक्रोमोल प्रति लिटर ठेवतात, त्यानंतर ६०० पर्यंत चालवून घेतात. अमेरिकेतली केंद्रं आयुष्यभर ३६० च्या आतच ठेवायला सांगतात. आपल्याकडच्या काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये रिपोर्ट देतात. त्या आकड्याला ६० ने गुणलं की साधारण मायक्रोमोल मिळतात, म्हणजे ६ मिलिग्रॅम हे ३६० झाले. रिपोर्ट हातात आला की आधी एकक बघायची सवय लावून घ्या.

बाळ तान्हं असेल तर अंगावरचं दूध बंद करायची घाई करू नका. आईच्या दुधात गाईम्हशीच्या दुधापेक्षा प्रोटीन बरंच कमी असतं. फेनिल नसलेला फॉर्म्युला ठरलेल्या मापाने आधी पाजायचा आणि मग बाळाला अंगावर घ्यायचं, ही पद्धत जगभर वापरतात. रक्ताच्या रिपोर्टनुसार फॉर्म्युल्याचं माप वरखाली करतात. काही आयांना निदानाच्या दिवशीच 'दूध तोडा' असं सांगितलं जातं. तसं झालं तर मेटाबॉलिक आजारांच्या तज्ज्ञाला विचारल्याशिवाय तोडू नका.

वजनकाटा आणि वही

एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा. वाटी, चमचा, मूठ यांच्या भरवशावर हा आहार चालत नाही, कारण तुमची वाटी आणि आजीची वाटी एक नसते.

हिशेब सोपा आहे. १ ग्रॅम प्रोटीनमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम फेनिल धरतात आणि त्याला एक भाग म्हणतात. फळं-भाज्यांच्या प्रोटीनमध्ये ते थोडं कमी असतं. तीव्र पीकेयू असलेल्या मुलाला दिवसाला बहुधा २५० ते ३५० मिलिग्रॅम फेनिल चालतं, म्हणजे पाच ते सात भाग. सौम्य प्रकारात जास्त.

समजा तुमच्या मुलाला सहा भाग मिळाले. एक अंडं, किंवा एक कप दूध, किंवा एक वाटी घट्ट वरण, यातलं कुठलंही एक दिलं की दिवस संपला. एका साध्या पोळीत सुमारे ३ ग्रॅम प्रोटीन जातं. ज्वारीच्या मध्यम भाकरीत ५ ग्रॅमच्या आसपास. शिजवलेला पांढरा भात १०० ग्रॅम घेतला तर अडीच ग्रॅम, म्हणजे ४० ग्रॅम भात हा एक भाग. हे चार-पाच आकडे पाठ झाले की निम्मी भीती जाते.

वहीत रोज फक्त मोजलेल्या वस्तू लिहा, त्याशिवाय फॉर्म्युला किती प्यायला ते. मूल आजारी होतं का, जेवण टाकलं का, हेही एका ओळीत. लेव्हल वाढलेली आली की याच ओळी कामाला येतात.

एक सावधगिरी. घाबरून काही आईबाबा प्रोटीन ठरलेल्यापेक्षाही कमी करतात. फेनिल शरीराला थोडं लागतंच. ते फार खाली गेलं तर वाढ खुंटते, त्वचेवर चट्टे येतात, भूक मरते. सहा भाग ठरले असतील तर सहाही भाग पोटात गेले पाहिजेत. पोट भरेल इतके उष्मांकही गेले पाहिजेत, कारण उपाशी शरीर स्वतःचे स्नायू तोडतं आणि त्यातलंही फेनिल रक्तातच येतं. तूप, तेल, लोणी, साखर यांत प्रोटीन जवळजवळ नसतं. या मुलांच्या ताटात तूप हात राखून वाढू नका.

आपलं स्वयंपाकघर पुन्हा एकदा बघा

इथे मराठी घरांना एक मोठा आधार आहे आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात उशिरा येतो. उपवासाचा फडताळातला डबा काढा. साबुदाणा हा कसाव्याच्या कंदाचा निव्वळ स्टार्च आहे, १०० ग्रॅममध्ये प्रोटीन अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. परदेशातली पीकेयू कुटुंबं महागडे लो-प्रोटीन पास्ते मागवतात. आपल्याकडे साबुदाणा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतो आणि तो चविष्ट कसा करायचा हे प्रत्येक आजीला माहीत आहे.

पण 'उपवासाचं चालतं' असा सरसकट नियम करू नका, घात होईल. शेंगदाण्याच्या कुटात १०० ग्रॅमला २४ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. खिचडीत दोन मोठे चमचे कूट पडलं की जवळपास सगळा दिवसाचा कोटा गेला. राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, वरीचे तांदूळ, दही, हे सगळं उपवासाला चालतं आणि या मुलांना चालत नाही, किंवा मोजूनच चालतं. बाजारातल्या उपवासाच्या भाजणीत राजगिरा आणि वरी असतातच, म्हणून ती बाजूला ठेवा.

कूट नसलेली खिचडी चांगली व्हायला थोडी युक्ती लागते. कूट साबुदाण्यातला ओलावा शोषतं, ते नसलं की गोळा होतो. साबुदाणा नेहमीपेक्षा कमी पाण्यात भिजवा, तूप सढळ घ्या, जिरं आणि मिरची तडतडली की मोजलेल्या बटाट्याच्या पातळ काचऱ्या परता आणि साबुदाणा टाकल्यावर झाकण फार वेळ ठेवू नका. वरून लिंबू, साखर, कोथिंबीर. ५० ग्रॅम साबुदाणा आणि ५० ग्रॅम बटाटा घेतला तर पूर्ण डिश एका भागात बसते. मूल पोटभर जेवतं आणि उरलेले पाच भाग हातात राहतात.

थालीपीठासाठी १०० ग्रॅम साबुदाण्याचं पीठ, ५० ग्रॅम उकडलेला बटाटा, तेवढाच दुधीचा किंवा काकडीचा कीस, एक चमचा इसबगोल, जिरं, हिरवी मिरची, मीठ. गव्हात असतो तो चिकटपणा इसबगोल देतं. गरम पाण्याने मळून दहा मिनिटं ठेवा, प्लॅस्टिकवर किंवा ओल्या रुमालावर थापा, तव्यावर तूप सोडून झाकण ठेवा. यात चार होतात आणि एकात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी प्रोटीन जातं. डब्यात टिकतात, शाळेत वेगळी दिसत नाहीत. रोजच्या पोळीऐवजी हेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. कॉर्नफ्लोअर आणि आरारूट (कोकणात तवकील म्हणतात ते) यांतही प्रोटीन नगण्य असतं. सार दाट करायला, टिक्की बांधायला, पाण्यात शिजवून वड्या पाडायला ते वापरा. तांदळाची किंवा नाचणीची पिठी मात्र मोजूनच, दोन्हींत १०० ग्रॅमला ७ ते ८ ग्रॅम प्रोटीन असतं.

वरणाची उणीव सगळ्यांनाच जाणवते, कारण आपल्या लहान मुलाचं पहिलं जेवण म्हणजे वरणभात. लाल भोपळा मऊ शिजवून घोटा, हळद, हिंग, मीठ, तूप-जिऱ्याची फोडणी द्या. ४० ग्रॅम मऊ भातावर हे पिवळं 'वरण' भरपूर घाला, वर लिंबू पिळा. चव तुरीची नाही, पण कालवलेला पिवळा घास, वर तूप, आईच्या हाताने भरवलेला, हे सगळं मुलाला मिळतं. मोठ्यांनाही त्याच वेळी तेच वाढलं तर उत्तम. टोमॅटोचं सार, आमसुलाचं सार आठवड्यात फिरवा. सोलकढीतला नारळाचा रस मोजावा लागतो.

भाज्या-फळांचे तीन गट मनात ठेवा. दुधी, दोडका, पडवळ, कोहळा, लाल भोपळा, काकडी, टोमॅटो, गाजर, मुळा, कांदा आणि सफरचंद, पपई, चिकू, कलिंगड, संत्रं, आंबा हे बहुतेक केंद्रांत न मोजता देतात. तुमच्या आहारतज्ज्ञांची यादी मात्र अंतिम. बटाटा, रताळं, पालेभाज्या, मटार, मक्याचे दाणे, फ्लॉवर, ओलं खोबरं, भात हे मोजून. डाळी, कडधान्यं, बेसन, सोयाबीन, शेंगदाणे, तीळ, काजू-बदाम, दूध-दही-पनीर-खवा, अंडी, मासे, मटण, चिकन बंद. शेवग्याच्या पाल्यात इतर पालेभाज्यांपेक्षा बरंच जास्त प्रोटीन असतं. 'पौष्टिक आहे' म्हणून कोणी आग्रह करेल, तेव्हा नम्रपणे नाही म्हणा.

उन्हाळ्यातली वाळवणं ही या मुलांसाठी वर्षभराची बेगमी आहे. साबुदाण्याच्या पापड्या आणि चिकवड्या घरी करून ठेवा. बटाट्याचा वाळवलेला कीस घेताना लक्षात ठेवा की पाणी उडून गेलेलं असतं. १०० ग्रॅम कीस म्हणजे कितीतरी जास्त ओला बटाटा, त्यामुळे हिशेब ओल्या वजनावर करा. कुरडया गव्हाच्या चिकाच्या असल्या तरी चिकात किती प्रोटीन उरलं हे घरागणिक बदलतं, म्हणून त्या मी अंदाजाने देत नाही.

फॉर्म्युला हे औषध आहे

फेनिल काढून टाकलेल्या अमिनो आम्लांची ही पावडर. मुलाचं बहुतेक प्रोटीन, बी१२, लोह, कॅल्शियम, टायरोसीन यातूनच येतं. जेवण काटेकोर आणि फॉर्म्युला अर्धवट, असं झालं की लेव्हल वाढते आणि सोबत बी१२ ची कमतरताही होते. दिवसभरात तीन-चार वेळा विभागून द्या. एकदम सगळा दिला तर शरीराला नीट वापरता येत नाही. उकळू नका. त्याचा वास उग्र असतो, गार पाण्यात किंवा फ्रीजमध्ये थंड करून दिला की कमी जाणवतो. जन्मापासून घेणाऱ्या मुलांना तो वास खटकत नाही. खटकतो तो मोठ्यांना, आणि मुलं आपले चेहरे वाचतात. पावडर कालवताना घरात कोणीही नाक मुरडायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून करा.

साठा किमान महिनाभराचा पुढे ठेवा. मागवलेला डबा वेळेवर न पोहोचणं ही आपल्याकडची नेहमीची अडचण आहे.

काही मुलांना सॅप्रोप्टेरिन या औषधाने फेनिलची सहनशीलता वाढते. अमेरिकेत ते २००७ पासून वापरात आहे. तीव्र पीकेयूमध्ये त्याचा उपयोग क्वचितच होतो, पण आपल्या मुलाची त्यासाठी चाचणी करता येईल का, हे विचारायला हरकत नाही.

रक्ताचा थेंब आणि अपराधीपणा

पहिल्या वर्षी आठवड्याला, १२ वर्षांपर्यंत पंधरवड्याला आणि पुढे महिन्याला, असं युरोपीय वेळापत्रक आहे. आपल्याकडे अंतर आणि खर्च पाहून डॉक्टर ते ठरवतात. गाळणकागदाच्या कार्डावर रक्ताचे थेंब घ्यायला घरी शिकता येतं. नमुना नेहमी सकाळी, दिवसाचा पहिला फॉर्म्युला देण्याआधी घ्या. वर्तुळ एकाच मोठ्या थेंबाने भरा, थेंबावर थेंब देऊ नका. कार्ड आडवं ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवा, उन्हात किंवा हेअर ड्रायरने नाही. मगच पाकिटात घाला. पावसाळ्यात हवा दमट असते, जास्त वेळ द्या.

लेव्हल वाढलेली आली तर कारणं या क्रमाने बघा: नुकताच ताप किंवा सर्दी होती का, फॉर्म्युला पूर्ण गेला का, पोटभर जेवण झालं का, आणि सगळ्यात शेवटी काही जास्त खाल्लं गेलं का. आपण नेमके शेवटून सुरुवात करतो आणि मुलाची चौकशी लावतो. २०१५ मध्ये सात देशांतल्या पीकेयू कुटुंबांचा जीवनमानावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यात ठळक दिसलेल्या त्रासांमध्ये आहार पाळला न गेल्याचा अपराधीपणा होता, आणि आईबाबांना लेव्हलबद्दल वाटणारी चिंता होती. म्हणून रिपोर्ट मुलासमोर परीक्षेच्या निकालासारखा वाचू नका. 'तू काय खाल्लंस' ऐवजी 'या आठवड्यात काय वेगळं झालं' असं विचारा. खरं सांगितल्यावर रागावणं झालं की पुढच्या वेळी मूल लपवून खातं. लपवलेल्या घासाचा हिशेब कुठलीच वही करू शकत नाही.

हेही घरातल्या प्रत्येकाला सांगा: ही ॲलर्जी नाही. चुकून एक पेढा पोटात गेला तर दवाखान्यात धावायची गरज नाही, उलटी काढायची तर मुळीच नाही. वहीत नोंद करा आणि पुढचं जेवण ठरल्याप्रमाणे द्या. नुकसान होतं ते लेव्हल आठवडेन् आठवडे वर राहिल्याने.

सण, प्रसाद, पंगत

सण आला की मुलाला 'तुला नाही' हे शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येतात. ते टाळायचं तर तयारी आपण आधी करायची. संक्रांतीचा तिळगूळ चालत नाही, कारण तीळ आणि शेंगदाणे. पण काटेरी हलवा मुळात साखरेचा असतो आणि तो साबुदाण्यावरही करतात. तसा हलवा मुलाच्या हातात द्या आणि सगळ्यांना तोच वाटू द्या. देणारा हात त्याचा झाला की घेता न येण्याचं दुःख बोथट होतं. गणपतीत उकडीचा मध्यम मोदक, तांदळाची पिठी आणि खोबरं धरून, दीड ते दोन भागांचा होतो. त्या दिवशीचे दोन भाग त्यासाठी राखून ठेवा आणि घरच्या सगळ्यांबरोबर, आरतीनंतर, गरम मोदक तूप सोडून खाऊ द्या. हा आहार नाही म्हणण्याचा जितका आहे तितकाच राखून ठेवण्याचाही आहे, आणि मुलाला ते फार लवकर कळतं.

दिवाळीत साबुदाण्याचा आणि बटाट्याच्या किसाचा चिवडा करा, दाणे-डाळं वगळून. प्रसादाला सत्यनारायणाचा शिरा आणि पंचामृत चालत नाही, खडीसाखर, बत्तासे आणि फळ चालतं. देवळात जाताना खडीसाखरेची पुडी खिशात ठेवा. गुरुजींना सांगितलं तर तेही ती देवापुढे ठेवून मुलाच्या हातावर देतात. लग्नाच्या पंगतीत आपला डबा उघडायला लाजू नका. आपण लाजलो की ते मुलाकडे जातं. यजमानांना आदल्या दिवशी फोन करून 'आम्ही ताट आणतो, फक्त पानावर बसायला जागा द्या' एवढंच सांगा.

आजी-आजोबा हा नाजूक भाग आहे. 'एवढ्याशाने काय होतंय' यामागे प्रेम असतं. त्यांना मनाईची यादी देऊ नका, काम द्या. साबुदाण्याच्या पापड्या आजीच्या, संध्याकाळचं फळ आजोबांचं. लाड करायचा हक्क त्यांच्याकडे राहिला की चोरून भरवायचं कारण उरत नाही.

शाळा, बाहेरचं, औषधं

शाळेला एका पानाचं पत्र द्या: आजाराचं नाव, काय द्यायचं नाही, फॉर्म्युल्याची वेळ, तुमचा फोन, डॉक्टरांची सही. अंगणवाडीतला खाऊ आणि शाळेतली पोषण आहाराची खिचडी चालत नाही हे ठळक लिहा, कारण त्यात डाळ असते. वाढदिवसाच्या चॉकलेटसाठी बाईंच्या कपाटात चालणाऱ्या गोळ्यांचा डबा ठेवा. मूल चार-पाच वर्षांचं झालं की त्याला स्वतःचं एक वाक्य शिकवा: 'मला हे चालत नाही, माझा डबा आहे.' आठ-दहा वर्षांचं झालं की काटा त्याच्या हातात द्या.

ॲस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा पूर्ण वर्ज्य, कारण तो पचला की त्यातून फेनिल सुटं होतं. शुगर-फ्री च्युइंगगम, डाएट कोला, साखरेऐवजी वापरायच्या गोळ्या यांत तो असतो. आपल्याकडे ॲस्पार्टेम असलेल्या पाकिटावर 'नॉट फॉर फेनिलकीटोन्युरिक्स' असा इशारा छापावा लागतो. घटकांच्या यादीत ९५१ किंवा ९६२ हे क्रमांकही बघा. चघळायच्या गोळ्या, फसफसणारी व्हिटॅमिनं आणि मुलांची काही पातळ औषधं यांतही तो सापडतो. औषधाच्या दुकानात साखर असलेला पर्याय मागा.

तापात शरीर स्वतःचं प्रोटीन मोडतं, लेव्हल चढते. फॉर्म्युला थोडा थोडा करून चालू ठेवा, सोबत लिंबू-सरबत, पाण्यातली साबुदाण्याची पेज, फळांचा रस. नैसर्गिक प्रोटीन त्या एक-दोन दिवसांत कमी करायचं का, हे डॉक्टरांना फोनवर विचारा. बरं वाटलं की लगेच नेहमीच्या भागांवर या.

पैशांचं बोलू

फॉर्म्युला महाग आहे आणि तो कायम लागतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात पीकेयूचा समावेश दुसऱ्या गटात, विशेष आहारावर सांभाळता येणाऱ्या आजारांत आहे. धोरणात नेमलेल्या केंद्रांपैकी महाराष्ट्रातलं केंद्र मुंबईचं केईएम रुग्णालय. तिथे नोंद झालेल्या रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद २०२२ पासून आहे. तुम्ही नांदेडला राहा की सावंतवाडीला, एकदा तिथे जाऊन नाव नोंदवा. निदानाचे मूळ रिपोर्ट, आईबाबांची आणि बाळाची ओळखपत्रं आणि स्थानिक डॉक्टरांचं पत्र बरोबर न्या. पैसे मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर करा आणि पाठपुरावा सोडू नका.

नवजात तपासणीबद्दलही सांगते. ब्रिटनमध्ये १९६९ पासून प्रत्येक बाळाची पीकेयूसाठी तपासणी होते. गोव्याने २००८ मध्ये सरकारी रुग्णालयांत नवजात तपासणी सुरू केली होती. महाराष्ट्रात मात्र प्रत्येक बाळाची ती होईलच असं नाही. तुमच्या भावंडांच्या घरी बाळ येणार असेल तर टाचेच्या रक्ताची तपासणी मागून घ्यायला सांगा.

मोठं होताना

पूर्वी सात-आठ वर्षांनंतर आहार सोडायला सांगत. आता तो आयुष्यभर चालू ठेवतात, कारण मोठेपणी लेव्हल वर राहिली तर लक्ष लागत नाही, मन उदास आणि अस्वस्थ राहतं. कॉलेजात, वसतिगृहात, पहिल्या नोकरीत आहार सुटतो. त्यावर घरून रागावण्याचा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो आधी शिकवलेल्या स्वयंपाकाचा. दहावीनंतरच्या सुट्टीत मुलगा असो की मुलगी, थालीपीठ, खिचडी, सार, भाजी एवढं एकट्याने करता आलं पाहिजे, आणि फॉर्म्युला स्वतः मागवता आला पाहिजे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वेळेत सांगायची असते. पीकेयू असलेल्या स्त्रीची लेव्हल गरोदरपणात जास्त राहिली, तर बाळाला स्वतः पीकेयू नसला तरी त्याच्या मेंदूला आणि हृदयाला इजा होते. लेव्हल गर्भ राहण्याच्या आधीपासून ३६० च्या आत असेल आणि पूर्ण गरोदरपणात तिथेच ठेवली, तर निरोगी बाळं होतात. हे तिला लग्न ठरताना दुसऱ्या कोणाकडून कळू नये. वयात येताना आईने सांगावं, पुढे जोडीदारालाही तिच्यासमोर सांगावं, आणि बाळाचा विचार सुरू होण्याआधी किमान काही महिने तिने आपल्या मेटाबॉलिक डॉक्टरांना गाठावं.